टार्गेटेड गोळीसोबत मलेरियाची गोळी जोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६१ वर्षांचे, फुप्फुसाचा कर्करोग, ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह. ओसिमर्टिनिब ही टार्गेटेड गोळी सुरू होऊन चौदा महिने झाले. ताज्या स्कॅनमध्ये एक गाठ किंचित वाढलेली दिसते. नातेवाइकांनी एक लेख पाठवला, त्यात म्हटलंय की हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही मलेरियाची गोळी जोडली की टार्गेटेड औषधांचा गेलेला असर परत येतो. मुलगी विचारते, गोळी जुनी आहे, साधी आहे, मलेरियात आणि संधिवातात असंख्य लोक घेतात, मग आमचे डॉक्टर नको का म्हणतात? आणि ती नसेल तर मलेरियाचंच दुसरं औषध, आर्टेसुनेट, चालेल का?

मी सतरा वर्षं मेडिकल ऑन्कॉलॉजीत काम करतो आहे आणि हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत दर महिन्याला येतो. उत्तर आधी सांगतो, कारण तुम्ही ते आजच शोधत असाल: ही गोळी वडिलांना स्वतःहून सुरू करू नका. पण लेखातली कल्पना पोकळ नाही. ती या क्षेत्रातल्या चांगल्या कल्पनांपैकी एक आहे आणि मला स्वतःला तिच्याबद्दल आशा आहे. म्हणूनच ती कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

टार्गेटेड औषध काय करतं तिथून सुरुवात करू. कर्करोगाच्या पेशीला ‘वाढ, वाढ’ असा सतत निरोप देणारं एक प्रथिन असतं, तुमच्या वडिलांच्या बाबतीत ईजीएफआर. गोळी त्या प्रथिनाला गप्प करते. निरोप थांबला की पेशीत साखर आणि अमायनो आम्लं कमी येऊ लागतात, तिची उपासमार होते. बऱ्याच पेशी मरतात. काही मात्र तग धरतात, आणि त्या तग कशा धरतात हाच आपला विषय.

उपाशी पेशी घरातलंच सामान मोडून चूल पेटवते. जुनी प्रथिनं, बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) एका पिशवीत बांधते, ती पिशवी लायसोसोम नावाच्या आम्लाने भरलेल्या कप्प्याला नेऊन जोडते, तिथे सगळं विरघळतं आणि सुटे भाग पुन्हा वापरायला मिळतात. याला ऑटोफॅजी म्हणतात, मराठीत स्वभक्षण. हा शब्द १९६३ मध्ये क्रिस्टियान द दूव्ह यांनी दिला आणि त्यामागची जनुकं उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. निरोगी पेशीही हे रोज करतात. टार्गेटेड औषधाच्या माऱ्याखाली सापडलेली पेशी ते कित्येक पटींनी जास्त करते. म्हणजे औषधाने पुढचं दार बंद केलं, तर पेशीने मागचं उघडलं.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन नेमकी या मागच्या दारावर बसते. ती सौम्य अल्कली आहे. पेशीच्या पटलातून सहज आत शिरते आणि लायसोसोमच्या आम्लात पोचली की धनभार घेते. भार आला की पटल ओलांडून बाहेर पडता येत नाही. एकामागून एक रेणू आत अडकत जातात, बाहेरच्या शेकडो पटींनी साठतात, आम्ल सौम्य होतं आणि पिशव्या लायसोसोमला जोडल्या जाण्याचं काम कोलमडतं. अशा पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या की विसरता येत नाहीत. एरवी एकसंध दिसणारा पेशीद्रव फुगलेल्या बुडबुड्यांनी भरून जातो, न पचलेल्या मालाने ठासलेल्या पिशव्या एकमेकींना रेटत असतात. कचरा गोळा झाला, पण भट्टी विझली. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रवी अमरावाडी यांच्या गटाने दाखवलं की या औषधांचा लायसोसोममधला एक ठोस निशाणा पीपीटी१ नावाचं एन्झाइम आहे.

म्हणजे टार्गेटेड औषधाने पेशीला स्वभक्षणावर अवलंबून ठेवायचं आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनने किंवा तिची जवळची बहीण असलेल्या क्लोरोक्वीनने तेच अडवायचं. तर्क देखणा आहे. यातला महत्त्वाचा भाग म्हणजे अवलंबून ठेवणं. जी पेशी स्वभक्षणावर जगत नाही, तिच्यात ते अडवून काही साधत नाही. पॅन्क्रियाच्या पसरलेल्या कर्करोगात नुसती हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन २० रुग्णांना देऊन पाहिली, तर दोन महिन्यांनी आजार न वाढलेले फक्त २ जण होते. एकटी गोळी कर्करोगाचं औषध नाही हे तेव्हाच कळलं.

जोडीने दिल्यावर काय झालं? इथे कर्करोगागणिक उत्तर बदलतं आणि तुम्हाला आलेल्या लेखात बहुधा हीच गोष्ट सुटली असावी.

सर्वांत भक्कम पाया आहे रास-राफ-मेक-अर्क या साखळीचा. वाढीचा निरोप पेशीच्या आत एकमेकांकडे पोचवणारी ही प्रथिनं. बीआरएएफ (राफपैकी एक) या जनुकात व्ही६००ई म्युटेशन असलेल्या मेंदूच्या गाठींत, ते प्रथिन अडवणाऱ्या व्हेमुराफेनिबला दाद न देणाऱ्या पेशी क्लोरोक्वीन जोडल्यावर पुन्हा दाद देतात, हे अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बालकर्करोगतज्ज्ञांनी आधी प्रयोगशाळेत आणि मग मोजक्या रुग्णांत दाखवलं. २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पॅन्क्रियाच्या कर्करोगाबद्दल एकच गोष्ट मांडली: के-रास बदललेल्या पेशीत मेक किंवा अर्क अडवलं की स्वभक्षण उसळी घेतं, आणि दोन्ही एकत्र अडवलं की पेशी मरते. त्यांतल्या अमेरिकेतल्या युटाच्या गटाने एका रुग्णाला ट्रामेटिनिब (मेक अडवणारं औषध) आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दिली. त्याचा सीए १९-९ हा रक्तातला मार्कर ९५ टक्क्यांनी उतरला आणि गाठींचा आकार निम्म्यावर आला. तुमच्यासारख्या कुटुंबांपर्यंत पोचतात ते बहुतेक लेख याच एका रुग्णाभोवती फिरतात. तो निकाल खरा आहे, पण एका माणसाचा आहे.

त्याहून जास्त शिकवणारी चाचणी मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची. बीआरएएफ बदललेल्या ३४ रुग्णांना डाब्राफेनिब (बीआरएएफ अडवणारं), ट्रामेटिनिब आणि रोज १२०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दिली. ८५ टक्के रुग्णांत गाठी आकसल्या, ४१ टक्क्यांत स्कॅनवर आजार दिसेनासा झाला. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनविना पहिल्या दोन औषधांच्या मोठ्या चाचण्यांत गाठी आकसण्याचं प्रमाण सुमारे ६८ टक्के होतं, म्हणजे आकडा नजरेत भरतो. आता दुसरा आकडा बघा. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्य कालावधी ११.२ महिने. जुन्या दोन औषधांनीही साधारण अकराच महिने मिळत होते. या चाचणीत एलडीएच (आजार जास्त असल्याची रक्तातली खूण) वाढलेले, तब्येतीने जास्त खालावलेले रुग्ण बरेच होते, त्यामुळे तुलना सरळ नाही. शिवाय तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तरी मी हा निकाल जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा तोच विचार येतो: जास्त लोकांत आणि जास्त खोल असर झाला, पण तो जास्त टिकला हे सिद्ध झालेलं नाही. कुटुंबाला टिकणं हवं असतं.

दुसरी साखळी एमटॉरची. एमटॉर हाच पेशीत स्वभक्षणाला आवर घालणारा हात आहे. एव्हरोलिमस या औषधाने तो अडवला की स्वभक्षण आपोआप मोकळं सुटतं, म्हणून जोडी लावण्याचं कारण इथे थेट आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगात, आधी उपचार झालेल्या रुग्णांना ही जोडी दिल्यावर सहा महिन्यांनी ४५ टक्के जणांचा आजार वाढलेला नव्हता. अपेक्षेपेक्षा थोडं बरं, पण इथेही तुलनेचा गट नाही.

मला सर्वांत उत्सुकता वाटली ती स्तनाच्या कर्करोगातल्या एका लहान चाचणीची, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या. उपचार पूर्ण झालेल्या, स्कॅन साफ असलेल्या, पण अस्थिमज्जेत सुप्त कर्करोगपेशी सापडलेल्या ५१ स्त्रिया त्यात होत्या. त्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, एव्हरोलिमस किंवा दोन्ही दिली. बहुतेकींच्या सुप्त पेशी कमी झाल्या. तीन वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण एकेक औषध घेतलेल्यांत नव्वद टक्क्यांच्या वर आणि दोन्ही घेतलेल्यांत शंभर टक्के होतं. गट इतके लहान आहेत की या शंभरावर घर बांधता येणार नाही, पण विचाराची दिशा मला पटते. मोठी, रक्तपुरवठा बिघडलेली, आतून आम्लधर्मी झालेली गाठ क्लोरोक्वीनला आत शिरूच देत नाही. बाहेरचा परिसर आम्लधर्मी असला तर औषधावर भार पेशीच्या बाहेरच चढतो आणि ते तिथेच राहतं. विखुरलेल्या, झोपलेल्या पेशींना अशा गाठीचं कवच नसतं, आणि त्या झोपेत स्वभक्षणावरच जगतात. ही गोळी कधी कामाला आलीच, तर ती अशा ठिकाणी येईल असा माझा अंदाज आहे.

अपयशंही सांगायला हवीत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिब या टार्गेटेड औषधासोबत ही गोळी देण्यामागचं प्रयोगशाळेतलं काम फार सुंदर होतं. कर्करोगाच्या मूळ पेशी (स्टेम सेल) इमॅटिनिबखाली स्वभक्षणाने वाचतात, ते अडवलं की मरतात. मग ६२ रुग्णांची चाचणी झाली, एका गटाला नुसतं इमॅटिनिब, दुसऱ्याला जोडी. बारा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. डिशमध्ये वापरलेली तीव्रता माणसाच्या रक्तात गाठता येत नाही, हे त्यामागचं एक कारण.

आता तुमच्या वडिलांचा आजार. ईजीएफआरच्या गोळीसोबत हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन देऊन पाहिलेली आहे, एर्लोटिनिब या जुन्या गोळीसोबत. जोडी घेतलेल्या १९ रुग्णांपैकी एकाची गाठ मोजण्याइतकी आकसली. औषध सहन झालं, पण असर दिसला नाही म्हणायला हरकत नाही. ओसिमर्टिनिब चौदा महिन्यांनी ढिलं पडतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा ठोस, शोधता येणारी कारणं असतात. मेट नावाच्या दुसऱ्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, ईजीएफआरमध्येच सी७९७एस हा नवा बदल आलेला असतो, कधी गाठ स्मॉल सेल या वेगाने वाढणाऱ्या प्रकारात बदललेली असते. तिघांचे उपचार वेगवेगळे आहेत. वाढलेल्या गाठीची पुन्हा बायोप्सी, आणि ते शक्य नसेल तर रक्तातून डीएनए तपासणी, हे आज तुमच्या हातातलं सर्वांत मोलाचं पाऊल आहे. कारण न शोधता एक गोळी जोडली तर वेळ जातो, आणि स्मॉल सेल झालेली गाठ वेळ देत नाही.

एकच गाठ किंचित वाढली असेल आणि बाकी आजार आटोक्यात असेल, तर त्या गाठीवर रेडिएशन देऊन तीच गोळी पुढे चालू ठेवतात, हाही मार्ग आहे. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

‘साधी गोळी’ या शब्दांवर थांबायलाच हवं, कारण लोकांचं नुकसान तिथे होतं. ल्युपस किंवा संधिवातात ही गोळी दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम देतात. डोळ्याचा पडदा जपायचा तर वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा नेत्रतज्ज्ञांचा दंडक आहे. साठ किलोच्या माणसाला हे ३०० मिलिग्रॅम होतात. कर्करोगाच्या चाचण्यांत बहुधा १२०० दिले, म्हणजे चौपट. एरवी पडद्यावरचा परिणाम पाच-सात वर्षांनी दिसू लागतो. रोज १००० मिलिग्रॅम घेणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ७ रुग्णांचे डोळे तपासले, तेव्हा दोघांत तो ११ ते १७ महिन्यांतच आढळला. हे नुकसान भरून येत नाही. म्हणजे सुरक्षित डोस कर्करोगाला बहुधा पुरत नाही आणि पुरेल असा डोस मुळात साधा नाही. लेखात सुरक्षितता एका डोसची सांगितली जाते आणि असर दुसऱ्याचा.

आणि हृदय. ओसिमर्टिनिब ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबवतं, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ. तो फार लांबला तर हृदयाची लय धोकादायकपणे बिघडू शकते. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनही लांबवते. काही वर्षांपूर्वी माझ्या ओपीडीत एक गृहस्थ आले, तक्रार एवढीच की जिना चढताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. ईसीजीचा कागद हातात घेतला आणि टी लाट कुठे संपते ते शोधायला मला पट्टी लावावी लागली. क्यूटीसी, म्हणजे ठोक्यांच्या वेगानुसार जुळवलेलं क्यूटी, ५१४ मिलिसेकंद आला. तीन महिन्यांपूर्वीच्या कागदावर तो ४४२ होता. फाइलमध्ये ओसिमर्टिनिबखेरीज काही नव्हतं. मी विचारल्यावर त्यांच्या पत्नीने पर्समधून आणखी दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या: हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, पाच आठवड्यांपासून, आणि तिच्याने मळमळतं म्हणून ऑन्डान्सेट्रॉन. तेही क्यूटी लांबवतं. जुलाबांमुळे पोटॅशियम घटून ३.१ वर आलेलं. चार गोष्टी एकाच दिशेने ढकलत होत्या. त्यांना त्या दिवशी दाखल करून मॉनिटरवर ठेवलं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दिलं, आणि ते सुखरूप घरी गेले. त्या बाईंनी मला विचारलं, ‘डॉक्टर, मी सांगायला हवं होतं का?’ मी त्यांना सांगितलं की आधी मी विचारायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक भेटीत मी विचारतो: घरात आणखी कोणत्या गोळ्या आहेत, कुणीही दिलेल्या?

हाच धोका व्हॅन्डेटॅनिब, निलोटिनिब, व्हेमुराफेनिब, रायबोसिक्लिब या इतर टार्गेटेड गोळ्यांच्या बाबतीतही लक्षात ठेवा. ट्रामेटिनिबसारखी मेक अडवणारी औषधं स्वतःच डोळ्याच्या पडद्याला त्रास देऊ शकतात, स्तनाच्या कर्करोगातल्या टॅमॉक्सिफेनमुळे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा पडद्यावरचा धोका वाढतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर अचानक खाली येऊ शकते.

आर्टेसुनेटचं शास्त्र वेगळं आहे. तू यूयू यांनी १९७२ मध्ये वेगळं केलेल्या आर्टेमिसिनिनचं ते भावंड. त्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक पूल असतो, तो लोहाच्या संपर्कात तुटतो आणि घातक मुक्त मूलकं तयार होतात. कर्करोगपेशी लोहाची हावरी असते, म्हणून ती यात जास्त भाजते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे हे औषध दिलेली, वीस-बावीस रुग्णांची लंडनमधली एक चाचणी आहे. साडेतीन वर्षांत औषध घेतलेल्यांपैकी एकाचा आणि प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेतलेल्यांपैकी सहा जणांचा आजार परतला. कुतूहल वाढवणारी, पण उपचार ठरवायला फार लहान. काहींच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, हेही त्यात नोंदलेलं आहे. तुमच्या वडिलांच्या स्थितीत, ओसिमर्टिनिबसोबत, याचा आधार हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनहूनही कमी आहे.

आणि एक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी लिहिलेली नसते. ‘मग दोन्ही घेऊ’ असा विचार मनात आला असेल तर तो सोडा. आर्टेसुनेटला जे सुटं लोह लागतं, ते फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनातून लायसोसोममध्येच मोकळं होतं. क्लोरोक्वीन नेमका तोच कप्पा बंद करते. प्रयोगशाळेत क्लोरोक्वीन दिल्यावर आर्टेसुनेटचा पेशी मारण्याचा असर कमी झालेला दिसला आहे. दोन चांगल्या कल्पना एकत्र आल्या की एकमेकींचे पाय ओढू शकतात, त्याचं हे उदाहरण.

मलेरियाचीच मेफ्लोक्वीनही लायसोसोमला बाधते, पण मनावर आणि झोपेवर तिचे परिणाम इतके गंभीर होऊ शकतात की तिचं नाव मी चर्चेतही घेत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन हे मलेरियाचं आणखी एक औषध मायटोकॉन्ड्रियाचा श्वास मंदावून गाठीतला ऑक्सिजन वाचवतं, त्यामुळे रेडिएशनचा असर वाढावा असा प्रयत्न ऑक्सफर्डमध्ये झाला आहे. ते टार्गेटेड औषधांपेक्षा रेडिएशनचं जोडीदार म्हणून जास्त शोभतं.

चाचणीत जाता येत असेल तर मी आनंदाने पाठवतो. तिथे आधी ईसीजी आणि डोळ्यांच्या पडद्याचा ओसीटी स्कॅन होतो, डोस ठरलेला असतो, क्यूटी ठरावीक दिवशी पाहतात, आणि मुख्य म्हणजे तुमच्या वडिलांच्या अनुभवातून पुढच्या माणसाला काही कळतं. लायसोसोमवर किंवा स्वभक्षणाच्या पहिल्याच पायरीवर, यूएलके१ या प्रथिनावर, जास्त नेमका मारा करणारी नवी औषधंही चाचण्यांत आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनने दार दाखवलं, ते घट्ट लावायचं काम कदाचित त्यांच्याकडून होईल. डॉक्टरांना भेटाल तेव्हा लेखाचा प्रिंटआउट न्या आणि तीन गोष्टी विचारा: पुन्हा बायोप्सी करता येईल का, वाढलेल्या एका गाठीवर रेडिएशन देता येईल का, आणि ईजीएफआर असलेल्या रुग्णांसाठी कुठली चाचणी खुली आहे.

तुम्ही ही गोळी आधीच सुरू केली असेल, तर घाबरू नका आणि लपवूही नका. ती आज बंद करा, पण ओसिमर्टिनिब बंद करू नका. डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. दोन दिवसांत ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम करून घ्या, आणि चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच क्षणी इमर्जन्सीत जा. बंद केली म्हणजे दुसऱ्या दिवशी शरीरातून गेली असं होत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा निम्मा अंश बाहेर पडायला सुमारे चाळीस दिवस लागतात, म्हणून महिन्याभराने ईसीजी पुन्हा काढा, आणि तोपर्यंत मळमळीची किंवा अँटिबायोटिकची कोणतीही नवी गोळी देण्याआधी वडिलांनी ही गोळी घेतली होती हे देणाऱ्याला आवर्जून सांगा.